जुन्या स्पोर्ट्स गाडीचे स्टेअरिंग का थरथरते?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून ढोकी, येडशी करत सोलापूर–धुळे महामार्ग गाठेपर्यंत जुनी गाडी काही कुरकुर करत नाही. त्या रस्त्यावर वेगच मुळात बेताचा असतो. चौपदरी रस्ता लागतो, काटा ऐंशीच्या वर चढतो आणि स्टेअरिंग हातात थरथरू लागते. नव्वद–पंच्याण्णवला तळहातांना मुंग्या येतात. एकशे दहाच्या पुढे थरथर आपोआप विरते. गॅरेजवाला सांगतो, ‘‘बॅलन्सिंग करून घ्या.’’ बॅलन्सिंग होते, काही दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच सुरू.

याचे कारण असे, की जुन्या गाडीत थरथर निर्माण करणारा भाग एक असतो आणि ती वाढवून हातापर्यंत पोचवणारा भाग दुसरा असतो. नव्या गाडीत चाकाचा थोडा दोष रबरी बुश आणि घट्ट सांधे गिळून टाकतात. वीस वर्षांच्या गाडीत ते रबर दमलेले असते. त्यामुळे शोध दोघांचाही घ्यावा लागतो, आणि तोही ठरावीक क्रमाने.

कोणती गाडी म्हणायची?

आपल्या देशात अस्सल स्पोर्ट्स गाड्या मोजक्याच बनल्या. फायबरग्लासच्या बॉडीची, रेनॉचे इंजिन असलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन माणसांची गाडी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली. दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये लोकांनी पाहिली. या दोन्ही गाड्या आपल्या भागात दिसणे दुर्मीळ.

वेगाची हौस असलेल्या मराठी माणसाच्या खिशाला परवडली ती फियाटची ‘पालिओ १.६’. २००१ साली ती बाजारात आली, तीही मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून, जिथे आधी वर्षानुवर्षे प्रीमियर पद्मिनी बनत होती. १५९६ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन, सुमारे १०० अश्वशक्ती आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर. कागदोपत्री ही हॅचबॅक, पण त्या काळात एवढ्या आकाराच्या गाडीत एवढी ताकद आपल्याकडे कुणी दिली नव्हती. ज्यांनी ती जपून ठेवली आहे त्यांच्या दृष्टीने ती स्पोर्ट्स गाडीच आहे आणि मला ते मान्य आहे. म्हणून पुढची उदाहरणे बहुतेक तिचीच घेतली आहेत. तपासणीची रीत मात्र पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कोणत्याही जुन्या वेगवान गाडीला लागू पडते.

पाना हातात घेण्याआधी

गाडी जॅकवर चढवण्याआधी ती चालवून पाहावी. सकाळी वर्दळ नसताना, सरळ रस्त्यावर, शेजारी कागद–पेन घेतलेला माणूस बसवून. चालवणाऱ्याने नजर रस्त्यावर ठेवायची आणि फक्त सांगत जायचे.

थरथर कोणत्या वेगाला सुरू होते आणि कोणत्या वेगाला थांबते, हे पहिले टिपायचे. दुसरे म्हणजे ती हाताला लागते की सीटला. पुढच्या चाकांचा दोष बहुधा स्टेअरिंगमध्ये उतरतो, मागच्या चाकांचा सीटमध्ये आणि पायाखालच्या पत्र्यात. तिसरे, ॲक्सिलरेटर दाबला की ती वाढते का, पाय काढला की जाते का, की फक्त ब्रेक दाबल्यावरच येते. चौथी गोष्ट फार कमी लोक करून पाहतात. त्रास होतो त्या वेगाला क्षणभर क्लच दाबायचा आणि इंजिनाचे फेरे खाली येऊ द्यायचे. गाडीचा वेग तोच असताना थरथर गेली, तर दोष इंजिनाकडचा. तशीच राहिली, तर चाकांकडचा. हे करताना चावी मात्र बंद करायची नाही. इंजिन बंद झाले, की पॉवर स्टेअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर दोन्ही साथ सोडतात.

आणखी एक नोंद हवी. थरथर निघाल्या निघाल्या जास्त आणि पंधरा–वीस किलोमीटरनंतर कमी होते का? या नोंदीचा उपयोग टायर तपासताना होईल.

एवढी माहिती घेऊन गॅरेजात गेलात, तर मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो. नुसते ‘‘गाडी व्हायब्रेट होते’’ म्हटले, की तो बिचारा जे सर्वात जास्त वेळा बिघडते तेच बदलतो.

तीस ग्रॅम आणि चार किलो

चाकावर चिकटवलेला शिशाचा बारीकसा तुकडा एवढा महत्त्वाचा का, ते आकड्यांनी पटते. १४ इंची रिमवरच्या साध्या टायरचा घेर सुमारे १.८ मीटर असतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. त्या वेगाला चाक एका सेकंदात जवळजवळ १४ फेरे घेते. रिमच्या काठावर एका बाजूला ३० ग्रॅम जास्त असतील, तर ते चाकाला सुमारे चार किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढतात, आणि ही ओढ सेकंदाला १४ वेळा फिरत राहते. ४५ च्या वेगाला तोच जोर एका किलोवर येतो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तेर ते ढोकी गाडी शांत का वाटते, याचे उत्तर इथे आहे.

मग एकशे दहाच्या पुढे थरथर विरते ती कशी? जोर तर तिथे आणखी वाढलेला असतो. शाळेत शिकलेला अनुनाद इथे कामाला येतो. सस्पेन्शन आणि स्टेअरिंग यांची स्वतःची एक डोलण्याची गती असते. चाकाचे धक्के त्या गतीशी जुळले, की डोल वाढतो. चाक त्याहून वेगाने फिरू लागले, की मेळ सुटतो आणि हाताला शांत वाटते. बेअरिंग, बॉल जॉइंट आणि शॉकॲब्सॉर्बर मात्र तो मार खातच असतात. ‘‘मी शंभराच्या वरच चालवतो, मग त्रास नाही’’ असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांची गाडी आतून झिजते आहे.

काळी माती

आपल्या भागातले सर्वात स्वस्त कारण आधी पाहावे. पाऊस झाला, की शेतातून डांबरावर येणारे ट्रॅक्टर काळ्या मातीची चिखलवाट सोडत जातात, आणि साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ढोकीच्या बाजूला ही वाट आणखी लांबते. हा चिखल रिमच्या आतल्या बाजूला, बाहेरून न दिसणाऱ्या घळीत जाऊन बसतो आणि उन्हाने वाळून घट्ट होतो. तीस ग्रॅम किती त्रास देतात ते वर आलेच. इथे तर पाव किलो मातीही सहज साठते, तीही एकाच जागी, कारण गाडी उभी असताना ओला चिखल खाली ओघळतो.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात तेरचे नाव ‘तगर’ असे येते. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे मोठे शहर, आणि इथला माल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जातो, असे त्यात लिहिले आहे. त्या गाडीवानांची चाकेही याच मातीतून गेली असणार. त्यांना ताशी नव्वदची चिंता नव्हती एवढेच.

म्हणून चाक काढून आतली बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी आणि मगच बॅलन्सिंगला न्यावे. मातीसकट बॅलन्सिंग केले, तर मशीन त्या मातीचेच वजन धरून समोर शिसे लावते. चार दिवसांनी ढेकूळ गळून पडते, शिसे तिथेच राहते आणि आता ते शिसेच दोष बनते. ‘बॅलन्सिंग टिकत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढेच असते.

बॅलन्सिंग नीट झाले की नाही हे आपणही तपासू शकतो. मशीनवर शून्य आले, की चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला आणि पुन्हा फिरवायला सांगायचे. तरीही शून्याच्या आसपास आले, तर काम बरोबर. मोठा आकडा आला, तर चाक मशीनच्या मध्यावर बसलेलेच नव्हते. चांगला कारागीर या विनंतीला नाही म्हणत नाही.

उभ्या गाडीचे टायर

हौसेची जुनी गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. महिनोन्‌महिने एकाच जागी, पत्र्याच्या शेडखाली, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात. जमिनीला टेकलेला टायरचा भाग चपटा होतो. थोड्या दिवसांचा चपटेपणा टायर गरम झाला की निघून जातो. पंधरा–वीस किलोमीटरनंतर थरथर कमी झाल्याची नोंद असेल, तर हेच कारण धरावे. अनेक महिने उभ्या राहिलेल्या गाडीत तो कायमचा होतो, आणि मग टायर बदलण्यावाचून इलाज नाही.

टायरचे वय त्याच्याच अंगावर छापलेले असते. ‘डॉट’ या खुणेच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत आहे म्हणून दहा वर्षांचा टायर चांगला ठरत नाही. रबर आतून वाळते, आणि रबराखालचे तारांचे पट्टे एकमेकांपासून सुटू लागतात. पट्टा सुटलेल्या टायरची ओळख म्हणजे गाडी अगदी कमी वेगाला, वीस ते चाळीसच्या दरम्यान, डावी–उजवी डुलते. टायरवर हात फिरवला तर एखादा फुगवटा लागतो. असा टायर घेऊन महामार्गावर जाऊच नये. तो कधीही फुटू शकतो.

बोल्टांचे वर्तुळ: अठ्ठ्याण्णव की शंभर?

पालिओवाल्यांना या मुद्द्यापाशी जरा थांबावे लागेल, कारण मशीन इथे फसते.

पालिओच्या चाकाला चार बोल्ट असतात आणि त्यांच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास ९८ मिलिमीटर असतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चार छिद्रांच्या अलॉय रिम १०० मिलिमीटरच्या असतात. स्विफ्टची तशीच, सिटीची तशीच. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही आणि जोर लावला की बोल्ट आतही जातो. मात्र प्रत्येक छिद्र एक मिलिमीटर सरकलेले असल्याने बोल्टचे निमुळते डोके आपल्या खोबणीत पूर्ण बसत नाही. रिम हबच्या मध्यावरून किंचित ढळते.

गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या तेर गावात हे वेगळे सांगायला नको. मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर बसला नाही, तर कुंभाराचा हात कितीही स्थिर असला तरी दर फेऱ्याला गोळा त्याला धक्का देणारच.

बॅलन्सिंगच्या मशीनवर हा दोष सापडत नाही. मशीन रिमला तिच्या मधल्या भोकातून पकडते आणि तिथे रिम अगदी मध्यावर फिरते. आकडा शून्य येतो. तीच रिम गाडीवर चढली, की पुन्हा ढळते. तीन ठिकाणी बॅलन्सिंग करूनही फरक पडत नसेल, तर शंका इथे घ्यावी.

रिमचे मधले भोकही पाहावे. पालिओच्या हबचा मधला उंचवटा ५८.१ मिलिमीटरचा आहे. बाहेरून घेतलेल्या रिमचे भोक बहुधा त्याहून मोठे असते आणि मधली फट भरायला प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी लागते. ती कडी टायर बदलताना हरवते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

तपासायची रीत सोपी. पुढचे चाक जॅकवर उचलायचे. जॅक काळ्या मातीत रुततो, म्हणून खाली जाड फळी घ्यायची आणि गाडीला स्टँडचा आधार द्यायचा. टायरच्या अगदी जवळ स्थिर वस्तूला टेकवून स्क्रूड्रायव्हर धरायचा आणि चाक हाताने हळूहळू फिरवायचे. टोक आणि टायर यांच्यातली फट कमी–जास्त होते का ते पाहायचे. फरक दीड मिलिमीटरच्या पुढे गेला, तर चाक ‘आऊट’ आहे. हेच पुढे रिमच्या काठावर करायचे. काठ सरळ आणि टायर वाकडा, तर दोष टायरचा. दोन्ही एकत्र हलले, तर रिम वाकलेली किंवा चुकीची बसलेली.

सरकत्या डोक्याचे खास बोल्ट घेऊन १०० ची रिम ९८ च्या हबवर बसवणारे लोक आहेत. माझे मत विचाराल, तर वेगाने चालवायच्या गाडीला ती तडजोड नको. ९८ चीच रिम शोधावी, नाहीतर मूळची लोखंडी रिम परत चढवावी. दिसायला ती साधी असेल, पण गाडी सरळ चालेल.

फक्त ब्रेक दाबल्यावर

येडशीचा रामलिंग घाट उतरताना ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग डावे–उजवे हलू लागले, पाय काढताच थांबले, तर चाकांना दोष देऊ नये. दोष पुढच्या डिस्कमध्ये आहे.

गॅरेजात याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात. वाकण्यापेक्षा बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. जाडीत दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी पायाला आणि हाताला कळतो. घाट उतरून तापलेल्या डिस्कवर पाय दाबून गाडी उभी ठेवली, की पॅडचा थर एका जागी चिकटतो आणि असमानतेची सुरुवात होते. दुसरे कारण हबवरचा गंज. त्यामुळे डिस्क किंचित तिरपी बसते, प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासते आणि हळूहळू तिथेच पातळ होते. बोल्ट एअर गनने कमी–जास्त घट्ट केले तरीही हेच होते. म्हणून डिस्क बदलताना हबचा तोंडाचा भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करणे, आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळणे यात कसूर नको. हबवर गंज तसाच ठेवून नवी डिस्क बसवली, तर काही हजार किलोमीटरमध्ये ती जुनीसारखीच वागू लागते.

मागचे ड्रम तपासायला मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो अलगद ओढावा. सीटखाली हिसके आले, तर ड्रम गोल राहिलेला नाही.

थरथर वाढवणारे भाग

चाके आणि ब्रेक निर्दोष करूनही थोडी थरथर उरते. दुसऱ्या आरोपीकडे जायचे ते आता.

उचललेले चाक वर आणि खाली धरून हलवावे. ढिलाई असेल, तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. साथीदाराला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ढिलाई गेली, तर बेअरिंग. तशीच राहिली, तर बॉल जॉइंट. मग चाक डावी–उजवीकडून धरून हलवायचे. तिथला प्ले बहुधा टाय रॉड एंडचा किंवा रॅकच्या आतल्या सांध्याचा. बेअरिंग जाताना घूंऽऽ असा आवाजही देते, आणि वळणावर वजन एका बाजूला गेले की तो आवाज बदलतो.

लोअर आर्मचा बुश हाताने हलवून कळत नाही. पहार टेकवून आर्मला पुढे–मागे जोर द्यावा लागतो. रबर चिरलेले, लोखंडी नळीपासून सुटलेले दिसले, की तो गेला. पालिओसारख्या गाडीत मला हाच भाग सर्वात दुर्लक्षित वाटतो. तो तुटत नाही, आवाजही फारसा करत नाही. नुसता मऊ होतो आणि चाकाला पुढे–मागे डोलू देतो. चाकातला दहा ग्रॅमचा फरक, जो चांगल्या बुशने कधीच हातापर्यंत येऊ दिला नसता, तो आता जाणवतो. गळके शॉकॲब्सॉर्बर याच वर्गातले.

फियाटच्या नव्या गाड्या आता आपल्याकडे विकल्या जात नाहीत, सुटे भाग शोधावे लागतात. तरीही बुश आणि बॉल जॉइंट दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक बाजू घट्ट आणि एक ढिली, असे झाले तर गाडी ब्रेक लावताना ओढू लागते.

बुश आधी बदलून चाके तशीच ठेवली तर काय होते? थरथर कमी होते, माणूस खूश होतो, आणि चाकाचा मार नव्या रबरावर पडत राहतो. म्हणून क्रम आधी चाक, मग ब्रेक, मग सांधे असाच हवा.

अलाइनमेंट

अलाइनमेंट बिघडली म्हणून स्टेअरिंग सहसा थरथरत नाही. गाडी एका बाजूला ओढते, टायर आतून किंवा बाहेरून खाल्ला जातो. तो वेडावाकडा खाल्लेला टायर पुढे आवाज आणि थरथर देतो, पण तोवर अलाइनमेंट करून तो सरळ होत नाही. सांधे बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते. त्याआधी केली, तर ते पैसे वाया.

वेग घेताना येणारा हिसका

ॲक्सिलरेटर दाबताच थरथर आणि पाय काढताच शांतता, असे असेल तर ॲक्सलच्या आतल्या बाजूचा जॉइंट पाहावा. बाहेरचा जॉइंट गेला तर पूर्ण वळणावर कट्‌कट्‌ वाजतो. दोन्हींचे रबरी बूट फाटले, की ग्रीस बाहेर आणि काळी धूळ आत. बूट वेळीच बदलला, तर जॉइंट वाचतो. उभ्या गाडीत, इंजिन चालू असताना थरथर असेल, तर बहुधा इंजिन माउंटिंगचे रबर बसले आहे.

तरीही उरली तर

सगळे सरळ आहे, बोल्टांचे वर्तुळ बरोबर आहे, सांधे घट्ट आहेत आणि तरी नव्वदला किंचित थरथर उरते, अशी वेळ येते. टायरचा एक जड किंवा उंच भाग आणि रिमचा तसाच भाग योगायोगाने एकाच बाजूला आलेला असतो. टायरवाल्याकडे जाऊन हवा काढायची, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायचा आणि पुन्हा बॅलन्सिंग करायचे. लागणारे शिसे कमी झाले, तर जोडी जमली. नसेल जमत, तर ती दोन चाके मागे टाकायची आणि मागची पुढे आणायची. थरथर हातातून सीटमध्ये गेली, तर दोष त्या दोन टायरांचाच.

चाके चढवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत. अलॉय रिमचे बोल्ट पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडे सैल पडू शकतात. त्या तपासणीनंतरच येडशीच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर काटा पुन्हा नव्वदवर न्यावा.